संजीवनीचा डाव

भाताची कापणी उरकते, मळणी होते, पेंढा रचून होतो आणि आमच्या पेण-कासूच्या पट्ट्यात कबड्डीचे दिवस सुरू होतात. पावसाळाभर पाण्यात असलेले शेत मार्गशीर्ष लागेपर्यंत कडक झालेले असते. पोरे ढेकळे फोडतात, बारीक माती पसरतात, पाणी मारून ती चोपतात, रोलर फिरवतात आणि फक्कीने रेषा ओढतात. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद, मधोमध मध्यरेषा, तिच्यापासून पावणेचार मीटरवर निदानरेषा आणि तिच्यामागे एक मीटरवर बोनसरेषा. एवढे झाले की परवापर्यंत जिथे भाताची रोपे उभी होती तिथे मैदान तयार. रात्री दिवे लागतात, ध्वनिक्षेपकावर समालोचकाचा आवाज चढत जातो आणि पंचक्रोशीतली माणसे शाली पांघरून मध्यरात्र उलटेपर्यंत बसून राहतात.

कासू हे पनवेल-रोहा लोहमार्गावरचे, पेण आणि नागोठणे यांच्या मधले लहानसे स्थानक. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर असे टप्पे पडले, त्यामुळे हे नाव वर्षानुवर्षे बातम्यांत येत राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला कासू एवढेच ठाऊक. इथे राहणाऱ्याला मात्र इथले आकाश ठाऊक असते. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला खारभूमीची सपाटी आणि तिच्या पलीकडे धरमतरची खाडी. मावळतीचा तारा इथे क्षितिजाला टेकेपर्यंत दिसत राहतो आणि उगवतीच्या ताऱ्याला डोंगर चढून वर यावे लागते. डोलवीच्या पोलाद कारखान्याचा उजेड हल्ली रात्रभर आकाशात चढलेला असतो, तरी शुक्र काही त्याला दबत नाही.

कबड्डी आणि शुक्र, दोन्ही मी लहानपणापासून एकाच बांधावर उभा राहून पाहत आलो. सामन्याआधी उजेड विरत असताना पश्चिमेला शुक्र चमकत असायचा आणि खाली मैदानावर पहिला गडी माती कपाळाला लावून मध्यरेषेकडे निघालेला असायचा. वय वाढले, थोडे महाभारत वाचले, थोडे आकाश कळू लागले, तशी माझी खात्री होत गेली की ही दोन्ही दृश्ये एकच गोष्ट सांगतात. आज ती मला वाचकांपुढे मांडायची आहे.

खेळ आणि आकाश यांची सोयरीक तशी फार जुनी. ग्रीसमधल्या ऑलिंपियाचे प्राचीन खेळ चंद्राच्या गतीशी बांधलेले होते. दर चार वर्षांनी, उन्हाळ्यात, पौर्णिमा साधून ते भरत आणि झ्यूस या देवाला वाहिलेले असत. १९०१ च्या सुमारास अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून कांस्याच्या चाकांचे एक यंत्र वर काढण्यात आले. सूर्य-चंद्रांच्या गती आणि ग्रहणांचे अंदाज दाखवणारे हे यंत्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. २००८ मध्ये संशोधकांनी त्याच्या एका लहान तबकडीवरची अक्षरे वाचली, तर तिथे ऑलिंपिया, नेमिया अशी खेळांच्या मेळ्यांची नावे निघाली. ग्रहणाचे चक्र आणि खेळांचे चक्र एकाच पेटीत, एकाच चाकांवर फिरत होते. पुढचा मेळा केव्हा भरणार, हे त्या लोकांनी आकाशाच्या हिशेबातच मांडून ठेवले होते.

आधुनिक ऑलिंपिकनेही हा धागा तोडला नाही. ऑलिंपियात हेरा देवीच्या पडक्या मंदिरासमोर अंतर्वक्र आरसा ठेवतात, त्यात सूर्यकिरण एकवटतात आणि त्या उष्णतेवर मशाल पेटते. ती हातोहात नेण्याची पद्धत १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून सुरू झाली. मराठी माणसाने हे साल आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली आणि त्यांत कबड्डीही होती. सूर्याकडून मागून घेतलेला अग्नी आणि हनुमानाच्या नावाच्या संस्थेने नेलेला आपला मातीतला खेळ एकाच वर्षी एकाच नगरात पोहोचले.

आपल्याकडे तर खेळांची तारीख पंचांगच ठरवत आले. नागपंचमीला आखाड्यात कुस्त्या, नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर नारळ लढवणे, गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी दहीहंडी, चैत्री पौर्णिमेला हनुमानजयंती आणि तिच्या आगेमागे गावोगावच्या जत्रा. तालमीत मारुती नाही असे गाव सापडणे कठीण. जुन्या मल्लविद्येने कुस्तीचे चार प्रकार मानले आणि त्यांना हनुमंती, जांबुवंती, भीमसेनी, जरासंधी अशी नावे दिली. युक्तीने लढणारा हनुमंताच्या वाटेचा, नुसत्या ताकदीवर लढणारा भीमाच्या. महाराष्ट्र केसरीच्या खांद्यावर आजही चांदीची गदा येते. पुराण इथे शोधून काढावे लागत नाही, ते खेळाडूच्या खांद्यावरच असते.

पण जे सहज सापडते ते सगळेच खरे नसते. भारत आणि श्रीलंका मैदानात उतरले की राम-रावणाची गोष्ट हमखास निघते. २ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडेवर भारताने श्रीलंकेला हरवून विश्वचषक जिंकला, दोनच दिवसांवर गुढीपाडवा होता आणि लंकाविजयाच्या उपमेला ऊत आला. मला तेव्हा १३ मार्च १९९६ ची कोलकात्यातली उपांत्य फेरी आठवत होती. त्या रात्री श्रीलंकेने आपल्याला हरवले होते आणि पुढे विश्वचषकही जिंकला होता. तेव्हा कोण राम आणि कोण रावण होते? समोरच्याला राक्षस ठरवण्यासाठी पुराण वापरले की पुराणही लहान होते आणि खेळही. आकड्यांच्या खेळाचेही तसेच. कबड्डीत सात गडी म्हणून सप्तर्षी, सात म्हणून सूर्याचे सात घोडे, असे जोडत गेलो तर काहीही कशालाही जोडता येते. त्याने चार घटका मन रमते, पण खेळ अधिक कळत नाही.

मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली आहे. प्रतीक खेळाच्या नियमात उतरलेले असेल तरच ते खरे मानायचे. निकालात, आकड्यात किंवा तारखेत सापडलेले प्रतीक योगायोग म्हणून सोडून द्यायचे. नियम हा माणसांनी विचार करून, पिढ्यान्‌पिढ्या खेळून घट्ट केलेला असतो. त्यात त्यांचे जगण्यामरण्याविषयीचे मत उतरलेले असते.

कबड्डीची म्हणून जी पुराणकथा सांगितली जाते ती अभिमन्यूची. एकटा वीर शत्रूच्या व्यूहात शिरतो, साखळी त्याच्याभोवती मिटत जाते, अशी ती गोष्ट. महाभारतात अभिमन्यूला घेरणारे रथी सहा आहेत. सांगणाऱ्यांच्या तोंडी ते सात झाले. या कथेलाही आकाश आहे. आदिपर्वात म्हटले आहे की अभिमन्यू हा सोमाचा, म्हणजे चंद्राचा पुत्र वर्चा. चंद्राने त्याला सोळा वर्षांपुरतेच पृथ्वीवर पाठवले. चंद्राच्या कला सोळा आणि मुलाची वर्षेही सोळा. अर्जुनाने दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारण्याची प्रतिज्ञा केली, कृष्णाने सूर्य झाकला, पुन्हा दाखवला आणि मराठीला ‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’ ही म्हण मिळाली. सामन्याचे शेवटचे मिनिट उरते, एका गुणाची पिछाडी असते, तेव्हा चढाईला निघालेल्या गड्याच्या छातीत हीच घालमेल असते. सूर्य अजून आहे की नाही, एवढाच प्रश्न.

तरीही अभिमन्यूची कथा कबड्डीला पुरी पडत नाही. अभिमन्यूला आत जाणे ठाऊक होते, परतणे नव्हते. कबड्डीचा सगळा जीव परतण्यात आहे. समोरच्या अंगणात जाऊन पाच जणांना शिवलात आणि मध्यरेषेला हात न लावता पडलात, तर ते शिवणे फुकट. शिवाय अभिमन्यू मेला तो मेलाच. कबड्डीत मेलेला गडी पुन्हा उठतो. म्हणून या खेळाची खरी कथा दुसरी आहे आणि तिचे नाव खेळाच्या नियमांतच लिहिलेले आहे.

कबड्डीचे जुने प्रकार तीन: गामिनी, अमर आणि संजीवनी. गामिनीत बाद झालेला गडी बाहेर गेला की संघातले सगळे बाद होईपर्यंत परत येत नाही. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडतच नाही. गुण मोजला जातो आणि तो खेळत राहतो. संजीवनीत बाद झालेला बाहेर जातो, पण त्याच्या संघाने समोरचा एक गडी बाद केला की तो परत येतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत महाराष्ट्रातल्या क्रीडासंस्थांनी हुतूतूला नियमांत बसवायला घेतले, १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि पुढे देशभर, मग जगभर जो खेळ गेला तो संजीवनीच्या पायावर उभा होता. आज टीव्हीवर दिसणारी प्रो कबड्डी आणि आमच्या शेतातली कबड्डी यांच्यात मॅट आणि मातीचा फरक असेल. मरण्याचा आणि उठण्याचा नियम एकच आहे.

मला हे तीन प्रकार म्हणजे मरणाविषयीची तीन मते वाटतात. पहिले म्हणते, गेला तो गेला. दुसरे म्हणते, मरण नाहीच. तिसरे म्हणते, मरण आहे, पण उठणेही आहे. कासूच्या आकाशात तिन्ही मतांना साक्षीदार आहेत. उल्का क्षणभर पेटते आणि संपते, ती गामिनी. उत्तरेला क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंशांवर ध्रुव बसलेला असतो. जितका आपला अक्षांश तितकीच त्याची उंची, ती बदलत नाही आणि तो मावळत नाही, तो अमर. बापाच्या मांडीवरून उतरवलेल्या पोराला अढळपद मिळाले ही आपण ऐकलेली त्याची गोष्ट. आणि तिसरा शुक्र. तो मावळतो, नाहीसा होतो आणि पुन्हा उगवतो. संजीवनी विद्या कोणाकडे होती, तर शुक्राचार्यांकडे.

शुक्राच्या उगवण्या-मावळण्याला एक ठाम लय आहे. सुमारे साडेआठ महिने तो संध्याकाळी पश्चिमेला दिसतो. मग सूर्याच्या आणि आपल्या मध्ये येऊन आठवडाभर लोपतो आणि पहाटे पूर्वेला उगवतो. तिथे साडेआठेक महिने राहून सूर्यामागे जातो, तेव्हा दीड-दोन महिने दिसेनासा होतो, आणि पुन्हा संध्याकाळचा तारा होऊन परततो. या साऱ्या फेऱ्याला ५८४ दिवस लागतात. अशा पाच फेऱ्या म्हणजे जवळजवळ बरोबर आठ वर्षे. २५ मार्च २०१७ ला शुक्र सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधून गेला, तसाच तो २३ मार्च २०२५ ला गेला. आठ वर्षांत दोन दिवसांचा फरक. ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ या दोन दिवशी तर तो ठिपक्यासारखा सूर्यबिंबावरून सरकताना आपल्या देशातून दिसला. आपल्या पंचांगात शुक्राचा अस्त आणि उदय मांडलेले असतात आणि अस्ताच्या काळात लग्नाचे मुहूर्त काढत नाहीत. सूर्याने गिळावे आणि पुन्हा सोडावे, असे हे दृश्य आहे. पुराणात शंकराने शुक्राला गिळले आणि तो त्याच्या शरीरातून पुन्हा बाहेर आला, ही कथा आहेच. ज्याला स्वतः मावळून उगवावे लागते, त्याच्याच हाती मेलेल्याला उठवण्याची विद्या द्यावी, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांचे डोळे आकाशावर रोज रात्री लागलेले असले पाहिजेत.

आता कचाची गोष्ट आठवा. देव-असुरांच्या युद्धात असुर मरत आणि शुक्राचार्य त्यांना उठवत. देवांकडे ती विद्या नव्हती. त्यांनी बृहस्पतीचा मुलगा कच याला एकट्याला असुरांच्या गोटात पाठवले. आकाशाच्या भाषेत बोलायचे तर गुरूचा मुलगा शुक्राच्या घरी गेला. १ मार्च २०२३ च्या आसपासच्या संध्याकाळी हे दोन ग्रह पश्चिमेला अवघ्या अर्ध्या अंशावर आले होते. त्या आठवड्यात आमच्या भागात रात्रीचे सामने चालू होते आणि मैदानाकडे निघालेली माणसे वाटेत थांबून पोरांना ते दाखवत होती. कच गेला तो चढाईलाच. सोबत कोणी नाही, शस्त्र नाही. आधी वाकून नमस्कार केला, शिष्य झाला, गाई राखल्या. असुरांनी त्याला ओळखले आणि मारले, तुकडे लांडग्यांना घातले. शुक्राने मंत्र म्हटला आणि तो उठला. पुन्हा मारले, पुन्हा उठला. तिसऱ्यांदा जाळून त्याची राख मद्यात कालवून शुक्रालाच पाजली. आता कच उठला तर गुरू मरणार. तेव्हा शुक्राने पोटातल्या शिष्याला मंत्र शिकवला, शिष्य गुरूचे पोट फाडून बाहेर आला आणि त्याच मंत्राने त्याने गुरूला उठवले. विद्या घेऊन तो घरी परतला. खाडिलकरांनी ही कथा ‘संगीत विद्याहरण’मधून मराठी रंगभूमीवर आणली, म्हणून आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला ती तोंडपाठ होती.

चढाई करणाऱ्या गड्याकडे या कथेतून पाहा. तो एकटा जातो. जाण्याआधी माती कपाळाला लावतो. ओठांवर एकच शब्द सतत चालू ठेवतो. तो शब्द समोरच्या अंगणात पाय टाकण्याआधी सुरू झाला पाहिजे आणि तुटता कामा नये. दम तुटला की गडी बाद. म्हणजे मंत्रच हा, आणि मंत्र म्हणजे श्वास. तीस सेकंदांत शत्रूच्या घरातून काहीतरी मिळवून तो परततो. आणि त्याने मिळवलेल्या गुणाबरोबर बाहेर बसलेला त्याचा एक सोबती जिवंत होतो. दोघांना शिवला तर दोन सोबती उठतात. नियमाचा बारकावाही पाहण्यासारखा आहे. आधी बाद झालेला आधी उठतो. रांग मोडता येत नाही. बोनसरेषा ओलांडून मिळवलेल्या गुणाने फलकावरचा आकडा वाढतो, पण त्या गुणावर कोणी जिवंत होत नाही. आणि सगळा संघ बाद झाला तर लोण चढतो, समोरच्याला दोन गुण जास्त मिळतात, पण लगेच हरलेले सातही गडी पुन्हा मैदानात उभे राहतात. खग्रास ग्रहण सुटावे तसे सगळे अंगण एकदम उजळते.

या सगळ्यात एक गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. बाद झालेल्या गड्याला स्वतःला उठवता येत नाही. तो कितीही मोठा खेळाडू असो, अंतिम रेषेमागे आखलेल्या चौकटीत त्याला बसावे लागते. त्याचा जीव आता सोबत्यांच्या हाती. कचाच्या कथेचा शेवट हाच आहे. विद्या घेऊन निघालेल्या कचावर शुक्राची मुलगी देवयानी हिने प्रेम केले होते. तीन वेळा बापाकडे हट्ट धरून तिनेच त्याला उठवायला लावले होते. त्याने तिला नकार दिला आणि तिने शाप दिला, की ही विद्या तुला फळणार नाही. कच म्हणाला, मला न फळो. मी ज्याला शिकवीन त्याला तर फळेल. संजीवनी कोणाला स्वतःसाठी वापरता येत नाही. रामायणातही तेच. मूर्च्छित लक्ष्मण द्रोणागिरीवर जाऊ शकत नव्हता; त्याच्यासाठी हनुमानाला जावे लागले. कबड्डीच्या नियमाने ही गोष्ट मंत्राशिवाय, मूर्तीशिवाय, साध्या मातीत उतरवली. तुझे प्राण तुझ्या हातात नाहीत, पण दुसऱ्याचे आहेत.

आमच्या आळीतले एक जुने खेळाडू आम्हा पोरांना शिकवायला यायचे. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. बाद होऊन कोणी पाय आपटत बाहेर आला की ते म्हणत, “बस गुमान. तुला उठवायचं काम आता त्यांचं. तू त्यांच्याकडे बघ फक्त.” तेव्हा आम्हाला ती शिस्त वाटायची. आता मला ते त्या खेळाचे सार वाटते.

विद्या शत्रूच्या घरी असते आणि तिथे जाऊन शिकावी लागते, हेही या कथेने सांगितले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्याचा मोठा दाखला मिळाला. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी पदकाच्या खेळांत आली तेव्हापासून पुरुषांचे सुवर्ण सलग भारताकडे होते; महिलांनीही २०१० आणि २०१४ मध्ये ते जिंकले होते. जकार्तात इराणने पुरुषांना उपांत्य फेरीत हरवले. २४ ऑगस्टला महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असे नमवले. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्या मातीतली विद्या घेऊन त्या परक्या देशात गेल्या आणि ती तिथे मनापासून शिकवली. त्या पराभवाचे दुःख मलाही झाले. पण कचाची गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याला त्यात द्रोह दिसणार नाही. शुक्राचार्यांनी शत्रूच्या मुलाला शिष्य केले, शिकवले आणि त्याच शिष्याच्या हातून स्वतः उठले. इराण बलवान झाला म्हणून आपल्याला नव्याने शिकावे लागले. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊमध्ये भारताच्या महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असे एका गुणाने हरवले, पुरुषांनी इराणलाच हरवले आणि दोन्ही सुवर्णे परत आली. पाच वर्षे बाहेर बसलेला संघ उठला.

२०१८ च्या त्या ऑगस्टमध्ये शुक्र संध्याकाळी पश्चिमेला होता आणि २०२३ च्या ऑक्टोबरात पहाटे पूर्वेला. मावळतीच्या ताऱ्याखाली हार, उगवतीच्या ताऱ्याखाली जीत. किती मोहाचा योग आहे! पण वर सांगितलेली कसोटी मला माझ्या आवडत्या ताऱ्यालाही लावली पाहिजे. शुक्राने आपल्याला हरवले नाही आणि जिंकवलेही नाही. त्या दिवशी तो इराणवरही तसाच चमकत होता. जिंकले ते गडी, त्यांचे कोपरे, त्यांच्या साखळ्या, त्यांचा दम. तारखेतले प्रतीक मी सोडून देतो. नियमातले सोडत नाही, कारण ते दर सामन्यात, दर गुणाला, कोणी पाहो न पाहो, खरे ठरते.

आमच्या भागात माणसांनाही या नियमाची गरज पडते. खाडीचा बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले की त्या शेताचे पीक जाते आणि बांध घालायला आख्खे गाव लागते. एकट्याच्या फावड्याने ते होत नाही. कारखान्यातली नोकरी जाते, घरातला कमावता माणूस महामार्गावरच्या अपघातात जातो, शिकलेला मुलगा कामाविना घरी बसतो. अशा वेळी ‘स्वतःच उभा राहा’ असे सांगणारे पुष्कळ असतात. ज्यांनी संजीवनीचा डाव खेळला आहे ते असे सांगत नाहीत. पडलेल्याने स्वतः उठावे अशी त्यांची अपेक्षा नसते. उभे असलेल्यांनी चढाईला जावे, अशी असते. आणि उठवायचे ते आधी पडला त्याला आधी, रांग न मोडता. गुण वाढवणारे पण कोणालाच न उठवणारे यश बोनसचे. ते मिळवावे, पण त्यावर समाधान मानू नये.

म्हणून माझे वाचकांना एवढेच सांगणे आहे. मोठ्या सामन्यांत देव-दानव शोधू नका, ग्रहताऱ्यांत निकाल शोधू नका. पुराण आणि आकाश खेळाच्या नियमांत उतरलेले आहे, तिथे ते पाहा. पुढच्या वेळी कबड्डीला जाल, कासूच्या शेतात असो की मुंबईच्या बंदिस्त क्रीडागृहात, तेव्हा चढाई करणाऱ्याबरोबर अंतिम रेषेमागे बसलेल्या गड्यांकडेही लक्ष द्या. आणि आपल्या आळीत, आपल्या घरात कोण बाहेर बसला आहे ते ओळखून, त्याच्यासाठी चढाईला जा.